गाडीखालची जागा

मिस्त्री, इतक्या वर्षांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. सातवी नापास माणसाला पत्राची सुरुवात सापडत नाही. पण हे सांगितल्याशिवाय जिवाला चैन पडायची नाही.

तुर्भ्याच्या आपल्या गॅरेजात ती दोन सीटची लाल गाडी आली होती, आठवते? मी चपला काढून, सीटवर पेपर पसरून, क्षणभर आत बसलो होतो. तुम्ही गिऱ्हाइकासमोर म्हणालात, "उतर. आपली जागा गाडीखाली." तुम्ही गेलात, गॅरेज गेलं, ते वाक्य गेलं नाही. मुलाच्या गाडीतही मी पुढे बसत नाही, मागे अंग चोरून बसतो.

इथे कामोठ्याजवळ मैदानावर दरवर्षी स्पोर्ट्स कारवाल्यांचा मेळावा भरतो. मी दोरीबाहेरून बघतो. मुलगा बजावतो, "बाबा, बीपीची गोळी घ्या, आणि कशाला हात लावू नका." यंदा एक पिवळी गाडी आली, मागून बारीक खडखड. मला राहवेना, दोरीखालून आत शिरलो. मालकीणबाईंना म्हटलं, "ताई, सायलेन्सरजवळचा पत्रा सैल झालाय."

"काका, मलाही ऐकू येतं, पण शोरूमवाले म्हणतात, मला भास होतोय."

"दोघांना एकच भास कसा होईल?"

ती हसली. "मग बसा आत. चालत्या गाडीत ऐका."

म्हटलं, नको, खालूनच बघतो. गुडघे टेकून वाकलो, तर गाडी जमिनीपासून चार बोटं वर. मागून एक जण म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, तिथे उंदीरपण अडकतो."

आता तुम्हीच सांगा मिस्त्री, खाली जागाच नाही, तर आपली जागा कुठे? मी उठलो, दार उघडलं आणि बसलो. पुढच्या सीटवर. पेपर नाही, फडकं नाही. ताईंनी मैदानाला दोन चकरा मारल्या. पत्राच वाजत होता. हा कान तुम्हीच तयार केलात, ते नाकारत नाही. पण मला 'उतर' म्हणायचा हक्क आता तुम्हाला नाही. तेव्हाही नव्हता.

एक मात्र कबूल करतो. बसताना मी चपला बाहेर काढल्या होत्या. कधी काढल्या, मलाच कळलं नाही. चक्कर मारून आलो, तर गाडीच्या रिकाम्या जागेत त्या दोघी नीट पार्क केलेल्या, आणि लोक हसतायत.

हे पत्र टाकणार कुठे? तुमच्याकडे वर टपाल जात नाही, कपाटातच राहील. तरी रागावला असाल तर लवकर कळवा. नसाल तर त्याहून लवकर.