गोठ्यात आलेली मशीन

६ ऑगस्ट, बुधवार

ठरलं! मशीन घ्यायचीच. हातकरवतीनं सागाची फळी कापता कापता मनगट सुजलं, आणि एवढं करून फळी निघाली वाकडी. ह्यांनी एक डोळा मिटून पाहिली आणि हसले. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

खरं भांडण गोठ्यावरून आहे. ट्रॅक्टर आल्यापासून गोठा रिकामा. बचत गटाच्या शिबिरात सुतारकाम शिकले तेव्हापासून मी तिथे पाट-चौरंग ठोकत बसते. आणि कृषी केंद्रवाल्या हरिसिंगला तोच गोठा खताची पोती ठेवायला भाड्यानं पाहिजे! आज हे म्हणाले, "कोकिळा, तान्ह्या पोळ्यापर्यंत, पोरं ओढतात तसा लाकडाचा नंदी बनवून दाखव. चारही चाकांवर सरळ चालला पाहिजे. नाही त मी हरिसिंगले चाबी देऊन टाकतो."

चालेल! तुमच्यापेक्षा सरळ चालेल! — हे मनात म्हटलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

यवतमाळला गेले. जुनेदचं हार्डवेअरचं दुकान. आमच्या बोरी गावचाच पोरगा, म्हणून काकी म्हणतो.

आधी त्यानं फरशी कापायचं कटर पुढे केलं. "काकी, याले लाकडाची पाती लावली का झालं. सगळे मिस्त्री हेच चालवून राह्यले." मी म्हटलं, त्या मिस्त्र्यांची बोटं मोजली का कधी? पातं सगळं उघडं! खाली झाकणच नाही. नको म्हणजे नको.

मग खास लाकडाच्या गोल पात्याच्या मशीन काढायला लावल्या. प्रत्येकीचं खालचं झाकण त्याच्या दांडीला बोट लावून मागे सारायचं नि सोडायचं. एकीचं आरामात, झोपेतून उठल्यासारखं परत आलं. बाद! दुसरी इतकी जड की उचलली तर कंबर बोलली. तिसरीचं झाकण खट्कन मिटलं. तिचा तळपत्रा काउंटरवर ठेवून चारही कोपरे दाबून पाहिले — हलला नाही. विचारलं, मोटरीतला कार्बन झिजला तर आपल्या इकडे मिळतो का? "दारव्ह्यातही भेटते, काकी."

शेजारचा एक गिऱ्हाईक म्हणाला, "बाई, साडी तरी इतकी पाहून घेता का?" मी म्हटलं, साडी बोट कापत नाही, भाऊ.

तरी घेतली नाही. एकदम हिंमत होईना.

९ ऑगस्ट

भाजीत दोनदा मीठ पडलं. डोक्यात तीच मशीन.

११ ऑगस्ट, सोमवार

घेऊन आले! एसटीत मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, काय आहे खोक्यात? म्हटलं, माझी मशीन आहे!

नवल म्हणजे, पूजेला हे स्वतःच उठले. हळदकुंकू, फूल, नारळ. वरून लाल धागा बांधला. ट्रॅक्टरलाही बांधला होता. "मशीन कोणतीबी असो, धागा पाहिजेच," म्हणाले. नंतर गाडी काढून कुठेतरी गेले.

१२ ऑगस्ट

सत्यानाश! फूल काढलं, बटण दाबलं — घर्र — आणि बंद. जळका वास. पुन्हा हात लावायची छाती झाली नाही. एवढं पारखून घेतलेली मशीन पहिल्याच दिवशी दगा देते! गोठ्यातच बसून रडले. हे दारातून शांतपणे म्हणतात, "वापस करून दे न मंग."

१३ ऑगस्ट, बुधवार

पुन्हा यवतमाळ. दुकानात शिरले ती भांडायच्याच तयारीनं. जुनेदनं ऐकून घेतलं, पातं खोललं, चिमट्यानं ओढलं तर आतून लाल धागा निघायला लागला. निघतोय, निघतोय! झाकणाच्या दांडीला बांधलेला, तो पात्यानं आत ओढून घेतलेला.

"काकी, पूजा केलती काय?"

काय तोंड दाखवू! तो म्हणाला, "कंपनीच्या वॉरंटीत पूजा बसत नाही. पण माह्या वॉरंटीत बसते!" साफ केली, फळी कापून दाखवली — सुर्रकन. दुकानभर हसणं. चहा पाजला वरून.

परत येताना मात्र डोक्यात किडा. एवढ्या मोठ्या मशीनवर ह्यांना धागा बांधायला झाकणाची दांडीच सापडली? मुद्दाम तर नाही? घरी येऊन धागा समोर ठेवला. हे लाल झाले नि वावरात निघून गेले. संशय पक्का!

१७ ऑगस्ट, रविवार

काय सुख आहे! पेन्सिलीची रेघ, रेघेवर पातं, आणि फळी सरळ दोन. केसात भुसा, कानात भुसा, पोळीत पण निघाला. झाकण खट् मिटतं तो आवाज ऐकायला एक फळी उगाचच कापली. नंदीचं धड झालं. शिंगं पटाशीनं काढते आहे.

ह्यांच्याशी कामापुरतंच बोलते.

२३ ऑगस्ट, शनिवार — तान्हा पोळा

शेजारच्या निकितानं दोरी धरून ओढला तर नंदी सरळ डावीकडे! मागचं एक चाक आवळलं गेलं होतं. रस्त्यातच बसून सैल केलं. मग जो चालला! निकिता नऊवारीत, नंदीला झूल, घरोघरी बोजारा म्हणून खाऊ-पैसे — पोरीची ओटी भरली. रुक्माबाई विचारत होत्या, कुठून आणला? "काकूनं बनवला!" अशी ओरडली निकिता की मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेलं.

हे पारावर बसले होते. म्हणाले, "ठीक आहे." एवढंच. असू द्या. गोठा माझा! माझा!

२५ ऑगस्ट, सोमवार

गिरणीवर हरिसिंग भेटला. म्हटलं, भाऊ, राग नका मानू, गोठा काही मिळायचा नाही आता. तो म्हणतो, "राग कायचा, भाभी? सदाशिवराव त मशीन आली त्याच दिवशी येऊन सांगून गेले मले. म्हने, तिथं कोकिळाचं काम चालू आहे, तू दुसरी जागा पाह्य."

त्याच दिवशी! म्हणजे पूजेनंतर हे गाडी काढून गेले ते तिकडेच! पीठ तिथेच विसरून घरी आले. हे बाजेवर पडलेले. "काहून हसून राह्यली?"

म्हटलं, उद्यापासून गोठ्यात या. फळी धराले माणूस लागते मले.

उठून चप्पल शोधायला लागले. "उद्या कायले? आताच चाल न."