खोली क्रमांक सातमधील कृष्णविवर

प्रति,
मा. प्राचार्य,
लालीबाई स्मृती विज्ञान महाविद्यालय,
मारेगाव, जि. यवतमाळ

विषय : डेडस्टॉक रजिस्टरमधील ‘कृष्णविवर, नग १’ ही नोंद रद्द करून मला कार्यमुक्त करण्याबाबत.
संदर्भ : पडताळणी समितीचा दि. २२ जून २०२६ चा शेरा.

महोदय,

१. मी आपल्याकडे चौदा वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवतो. माझे संशोधन सैद्धांतिक आहे, म्हणजे कागद, पेन्सिल आणि खोडरबर यांवर चालते. कृष्णविवरात पडलेल्या वस्तूची माहिती कायमची नष्ट होते की कुठेतरी शिल्लक राहते, हा माझा विषय. त्यावर नऊ शोधनिबंध प्रसिद्ध आहेत. बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेने मला तीन वर्षांसाठी बोलावले असून २ जुलैला हजर व्हायचे आहे. वयाच्या अटीमुळे ही संधी पुन्हा मिळणार नाही.

२. सहा वर्षांपूर्वी तपासणी पथक येणार म्हणून मुख्य लिपिक पुंडलिकराव यांनी माझ्या संशोधनाची साधनसामग्री विचारली. काहीच नाही म्हणताच ते हवालदिल झाले. ‘‘सर, वस्तूच नाही तं संशोधन कायचं दाखवू?’’ असे म्हणून त्यांनी माझ्या निबंधाच्या शीर्षकातला शब्द उचलला आणि ‘कृष्णविवर, नग १, आकार मध्यम, खोली क्र. ७’ अशी नोंद केली. मी हसलो आणि सही केली. ती चूक माझी.

३. आता चार्ज देताना समितीला कृष्णविवर सापडले नाही. सर्वांत जवळचेही दीड हजार प्रकाशवर्षे दूर असल्याचे मी लेखी कळवले. त्यावर वस्तू कोणाच्या परवानगीने आवाराबाहेर नेली, असा खुलासा मागवण्यात आला. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव दिला, तर मोडकी वस्तू आधी समोर आणा, असे उत्तर मिळाले.

४. शेवटी पुंडलिकरावांनीच वाट काढली. पांढरकवड्याचे सुतार धावजी यांच्याकडून प्लायवूडची दोन बाय दोन फुटांची पेटी करवून, आतून-बाहेरून काळा रंग देऊन, कुलूप लावून ती खोलीत ठेवली. समितीने ती मोजली, वाजवून पाहिली आणि ‘मिळाले, सुस्थितीत’ असे लिहिले. मला हायसे वाटले. पण खाली आणखी एक ओळ होती : ‘उपकरण चालू असून ते हाताळणारे अन्य कोणी नाही, सबब डॉ. मुनेश्वर यांना कार्यमुक्त करू नये. दर शनिवारी विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक द्यावे.’

५. परवा पहिले प्रात्यक्षिक झाले. मी पेटीपुढे उभा राहिलो. तृतीय वर्षाच्या वैष्णवीने विचारले, ‘‘सर, याच्यात काहीच नाही न?’’ समितीचे एक सदस्य मागच्या बाकावर बसले होते. मी फळा पुसत राहिलो. संशोधनाच्या वीस वर्षांत एका निबंधात एक आकडा खोटा लिहिला नाही, आणि त्या मुलीसमोर तोंड उघडले नाही. मला त्याची फार लाज वाटते.

६. तरी याद्वारे लिहून देतो की, पेटी रिकामी आहे, नोंद खोटी आहे आणि तिच्याखालची सही माझी आहे. योग्य ती कारवाई जरूर करावी; फक्त मला उद्या दुपारच्या गाडीपूर्वी मोकळे करावे. ते शक्य नसल्यास मी येत्या शनिवारी पेटीजवळ वेळेवर हजर राहीन. वैष्णवीला मात्र त्या दिवशी खरे उत्तर देणार आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

आपल्या एका सहीच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
डॉ. धम्मरत्न मुनेश्वर
मारेगाव, दि. २९ जून २०२६

सोबत : निमंत्रणपत्राची प्रत, पेटीची किल्ली.