डबा हळू चालतो

सोमवार, ५ जानेवारी २०२६

नवीन वर्षाचा संकल्प: घाबरायचं नाही. तसा मी घाबरत नाहीच, पण लिहून ठेवलेलं बरं.

परवा मानोऱ्यात सावित्रीमाईच्या जयंतीचा कार्यक्रम झाला. आमच्या भीमगीतांच्या पार्टीत चौदा वर्षं ड्रम माझ्याकडे आहे. कीबोर्डवाला देवमन दिवाळीनंतर नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना त्यानं अकरा गाण्यांचं म्युझिक रेकॉर्ड करून माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिलं. माझं झेरॉक्स सेंटर आहे, त्यामुळे पार्टीतला टेक्निकल माणूस मीच. मोबाईल साउंडला जोडला, म्युझिक सुरू केलं, ड्रम धरला. म्युझिक जरा मागे पडत होतं. मोबाईल जुना आहे. दुसऱ्या कडव्यात रूपाचा फोन आला. मी कट करायच्या ऐवजी उचलला. चारही स्पीकरमधून माझ्या बायकोचा आवाज: अवो, पोट थांबलं का तुमचं?

कार्यक्रमाआधी माझं पोट बिघडतं ते बाहेरच्या खाण्यानं. दुसरं कारण नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

प्रसेनजितदादांनी बोलावलं. पार्टी त्यांची, हार्मोनियम त्यांचं. म्हणाले, मोबाईल बंद. म्युझिक वाजवाले येगळा डबा भेटते म्हंते, तो पाय. सात फेब्रुवारीले किन्हीराजाले रमाईची जयंती हाये. तिथं बी असंच झालं तं चौदा एप्रिलसाठी वाशिमच्या सपनाले इचारा लागन.

सपना ऑक्टोपॅड वाजवते. ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकोन. ते काय वाद्य आहे? मी हसलो. घरी येऊन तीन ग्लास पाणी प्यालो.

शुक्रवार, ९ जानेवारी

संशोधन पूर्ण. त्या डब्याला सॅम्पलर म्हणतात. त्यात म्युझिक भरून ठेवायचं, बटण दाबलं की वाजतं. फोन येत नाही, हा सर्वांत मोठा फायदा. सहा तास व्हिडिओ पाहिले. दरम्यान चार गिऱ्हाइकं परत गेली.

नऊ पॅडवाला: दिसायला भारी, लाइटा रंगीत. पण चुकून काडी भलत्याच पॅडवर पडली तर? रमाईच्या गाण्यात वरातीची शिट्टी वाजेल.

बॅटरीवाला: बॅटरी संपली तर?

लाइटीवर चालणारा: लाइट गेली तर?

शांत डोक्यानं विचार केला पाहिजे. डोकं शांत नाही. चहा जास्त झाला.

रविवार, ११ जानेवारी

अकोल्याला जाऊन आलो. दुकानातला हरीओम पोरगेला आहे पण माहितगार. त्यानं तीन डबे मांडले, समोर ड्रम ठेवला आणि माझ्या कानात हेडफोन घातला. हेडफोनात टिकटिक. हे क्लिक, म्हणे. म्युझिक सगळ्यांना ऐकू येतं, टिकटिक फक्त ड्रमरला. तिच्यावर वाजवलं की ड्रम आणि म्युझिक सोबत राहतात.

पहिला डबा हळू चालत होता. आठ-दहा ठोक्यांनंतर टिकटिक माझ्या मागे राहायची. दुसरा डबा लावायला सांगितला. तोही हळू. तिसरा, सर्वांत महाग, तोही हळू. एकाच दुकानात तिन्ही डबे हळू म्हणजे लाइटच कमजोर असणार. मी हरीओमला व्होल्टेज चेक करायला सांगितलं. तो म्हणाला, भाऊ, डबा मागं-पुढं होत नसते. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. माझ्या हाताला घाम होता. जानेवारीत. दुकानात हवा खेळती नाही.

शेवटी सगळ्यात लहान डबा घेतला. तीनच बटणं: सुरू, पुढचं, बंद. चुकायला जागाच नको.

बुधवार, १४ जानेवारी

देवमनला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, सगळ्या गाण्यांत टिकटिक हायेच दादा. डाव्या बाजूले टिकटिक, उजव्या बाजूले म्युझिक. डब्याच्या दोन वायरी निंगते. उजवी साउंडवाल्याले द्या, डावी तुमच्या कानात. चुकूनबी उलटं नका करू.

हे चुकूनबी त्यानं का म्हणावं? मी काय चुकणारा माणूस वाटतो?

डाव्या वायरला लाल टेप लावली. मग उजवीलाही लावली, ती उघडी दिसत होती. मग दोन्ही काढल्या. आता डावीला लाल, उजवीला काळी. रोज एक तास सराव. उद्यापासून.

सोमवार, १९ जानेवारी

सराव झाला नाही. सेंटरवर फॉर्म भरायची गर्दी.

शुक्रवार, २३ जानेवारी

सराव झाला नाही. शेजारच्या निकिताची बारावी आहे. माझ्या ड्रममुळे कोणाचं नुकसान नको.

मंगळवार, २७ जानेवारी

सराव केला. सात मिनिटं. टिकटिक सुरू झाली की छातीत धडधड सुरू होते आणि ती टिकटिकीपेक्षा जोरात ऐकू येते. मग मी धडधडीवर वाजवतो. डबा घरीही हळूच चालतो, म्हणजे अकोल्याच्या लाइटीचा दोष नव्हता. मॉडेलच तसं असावं.

रूपानं दारातून विचारलं, काहून एवढे घाई करून राह्यले? गाडी सुटून राह्यली का? मी सांगितलं, डबा स्लो आहे. ती हसून आत गेली. ती अशी हसते तेव्हा मला जास्त भीती वाटते. म्हणजे काळजी.

रविवार, १ फेब्रुवारी

विहारात प्रॅक्टिस. डबा नेला नाही. सेटिंग चालू आहे म्हणून सांगितलं. आपला जुनाच ठेका, नुसता ड्रम आणि हार्मोनियम, आणि काय जमलं! सगळे माझ्याकडे पाहून वाजवतात. एकही माणूस मागे राहिला नाही. गायिका पौर्णिमाताई कडव्याच्या शेवटी धापा टाकत होत्या. अजून चाळिशीही नाही त्यांची. लोक तब्येतीकडे लक्ष देत नाहीत.

निघताना दादांनी विचारलं, डब्यावर हात बसला ना? मी हो म्हणालो. सपनाचं नाव त्यांनी काढलं नाही. मुद्दाम काढलं नसावं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

खबरदारी पूर्ण:
घाबरून 'बंद' बटणावर बोट पडू नये म्हणून त्याच्यावर चिकटपट्टीचे चार थर.
डाव्या कानात आधी कापूस, त्यावर हेडफोन. टिकटिक ऐकू आली नाही तर ती मला गोंधळवणार नाही. लोकांना वाटेल मी ऐकतोय.

आता चुकायला खरंच जागा उरलेली नाही. दोन दिवस झाले, जेवण जात नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी, दुपारी साडेबारा

किन्हीराजा. मंडप भरतो आहे. पुढच्या ओळींत सगळ्या बाया, पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या. चारला सुरू. साउंडवाले दौलतराव वयानं मोठे, अनुभवी. त्यांना लाल-काळं दोनदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, चाळीस वर्सं झाले, वायरी जोडून राह्यलो, तुमी बिनधास्त राहा. मी बिनधास्त आहे. शाळेच्या मागे संडास आहे, बघून ठेवला.

शनिवार, संध्याकाळी साडेसात

परतीच्या गाडीत लिहितो आहे. अक्षर गाडीमुळे हलतं आहे.

जे झालं ते असं. मी 'सुरू' दाबलं. कापसामुळे मला काही ऐकू आलं नाही. मग ऐकू आलं, पण कानातून नाही, छातीतून. टिक. टिक. टिक. मंडपाच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या बॉक्समधून, हातोड्यासारखी. दौलतरावांनी माझी लाल वायरही आपल्या मशीनला जोडली होती. नंतर म्हणाले, एका बाजूचा आवाज कायले वाया घालवता बावा, म्हून दोनी जोडून देल्या, गरिबाचा कार्यक्रम हाये, पुरा आवाज निंगाले पायजे.

मी 'बंद' दाबायला गेलो. चिकटपट्टी. नखानं पहिला थर काढला आणि ठेका सुटेल म्हणून परत काड्या धरल्या. पुढच्या ओळीतल्या एका आजीबाईंनी टिकटिकीवर टाळी धरली. मग दुसरीनं. मग सगळ्या बायांनी. त्यांना वाटलं हे गाण्यातलंच आहे. पौर्णिमाताईंनी डोळे मिटले आणि टाळीसोबत गायला लागल्या. दादांचं हार्मोनियमही तिकडे गेलं. सगळा मंडप एका बाजूला आणि मी एकटा पुढे. मला थांबता येईना. मी पाहत होतो की मी पुढे चाललो आहे, आणि हात आणखी जोरात पळत होते.

शेवटचा ठोका दिला, ड्रमवरची झांज हातानं दाबून थांबवली, दोन्ही काड्या वर केल्या.

गाणं अजून चालू होतं.

ध्रुवपद अख्खं बाकी होतं. मी काड्या मांडीवर ठेवल्या आणि बसून राहिलो. कोणी वळून पाहिलं नाही. गाणं संपल्यावर एवढ्या टाळ्या मी चौदा वर्षांत ऐकल्या नाहीत. पुढची गाणी टिकटिकीसकटच झाली, लोकांनीच ती राहू द्या म्हटलं. मी हळूहळू काही ठोके दिले. बहुतेक दिले नाहीत.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळीच दादांकडे गेलो. म्हटलं ते बोलायच्या आधी आपण बोलावं. डब्याबद्दल पूर्ण भाषण तयार होतं: मॉडेल, व्होल्टेज, दौलतराव. दारात पौर्णिमाताईंच्या चपला दिसल्या आणि भाषण विसरलो. एवढंच विचारलं की सपनाला फोन केला का.

दादांनी चहा पुढे केला. म्हणाले, नाही केला. तुले काढाचंच असतं तं चौदा वर्सं तुह्या मांगं पळालो असतो का आमी?

मला समजलं नाही. समजलं, पण मी समजलं नाही असा चेहरा केला. तेव्हा पौर्णिमाताई म्हणाल्या, भाऊ, तुमी भेता. भेलं का तुमी पळता. तुमी पळले का आमी पळतो, तुमाले एकटं कसं सोडाव? काल पह्यल्यांदा मी गाता गाता दम घेतला.

मी इतकी वर्षं समजत होतो की पार्टी मी ओढतो आहे.

दादा म्हणाले, एप्रिलचं मार्चमधी पाहू, तंवर टिकटिक शिक. ड्रम तुहाच हाये असं त्यांनी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. मी विचारलं नाही. मला भीती वाटते. कार्यक्रमाआधी वाटते, कार्यक्रमात वाटते, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जी शांतता असते तिची सर्वांत जास्त वाटते. बाहेरच्या खाण्याचा काही दोष नाही.

दुपारी डबा घरच्या स्पीकरला लावला. काड्या घेतल्या नाहीत. कापूस नाही. दहा मिनिटं नुसतं ऐकायचं ठरवलं. पाय मात्र आपोआप ठेका धरत होता. रूपा शेजारी तूर निवडत बसली होती. पाचव्या टिकेला मान वर न करता म्हणाली, अवो, पाय पुढं गेला तुमचा.