छापण्याआधीचे 'श्री'

डहाणू, ३ नोव्हेंबर २०२५

नोटीस आली! वेवजीच्या डोंगरात सुरुंग लावणाऱ्या खाणमालकाची. सुरुंगांमुळे घरांना तडे गेल्याची बातमी दक्षाने आपल्या पाक्षिकात छापली होती. बदनामीचा दावा मात्र तिच्याबरोबर आमच्या न्यासावरही! आम्ही अनुदान देतो, एवढाच आमचा संबंध—असे मी आज सकाळपर्यंत समजत होतो.

४ नोव्हेंबर

वकील भाविनीबेन येऊन गेल्या. प्रत्येक अंकाचे कच्चे पान छपाईपूर्वी दक्षा माझ्याकडे आणते. मी ते देवापुढे ठेवतो, वाचतो, माथ्यावर 'श्री' लिहितो. मग ती छापखान्यात जाते. नोटिशीला खाणीच्या बातमीच्या 'श्री' लिहिलेल्या पानाचे छायाचित्र जोडलेले आहे. दक्षानेच ते कौतुकाने मोबाइलवर सर्वांना पाठवले होते!

भाविनीबेन म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी हा आशीर्वाद. कोर्टात हीच मंजुरी ठरेल. पैसे देणाऱ्याने आधी वाचलं, म्हणजे मजकुरात त्याचा हात."

दान देताना पाणी सोडून 'न मम' म्हणालो होतो. आणि नंतर दर पंधरवड्याला, माझेच असल्यासारखे, ते पाहत राहिलो.

६ नोव्हेंबर

न्यासाने अनुदान थांबवले तर अमेरिकेचा नागरिक झालेला माझा पुतण्या दक्षाला पैसे पाठवू म्हणतो. कायद्याने वृत्तपत्राला परदेशी पैसा वर्ज्य. तेही दार बंद.

८ नोव्हेंबर

न्यासाची सभा. चिटणीस जतीनभाई कडाडले—"काका, पोरींचं हॉस्टेल चालवायचं की पेपर? नोंदणी गेली तर त्या पोरींना काय धाकटी डहाणूत बोंबील वाळवायला बसवू?"

"बसवा की, जतीनभाई," दक्षा म्हणाली, "बोंबलांना नोटीस तरी येत नाही."

कोणी हसले नाही.

भाविनीबेनच्या सांगण्यावरून शेवटी करार झाला. छपाईपूर्वी न्यासाने एकही पान पाहायचे नाही; मजकुराविषयी सुचवायचेही नाही. अनुदान मार्चपर्यंत, पुढे नाही—ही जतीनभाईंची अट. आणि खाणीच्या बातमीचा मजकूर सर्वस्वी आपला, असे दक्षाने लिहून दिले. म्हणजे न्यायालयात ती एकटी उभी राहणार! आम्ही निर्दोष ठरलो तरी ते निर्दोषत्व मला पापासारखेच वाटेल. तरीही सही केली. पोरींच्या निवाऱ्यासाठी केली, असे म्हणतो. मन मानत नाही.

१५ नोव्हेंबर

एकादशी. पान आले नाही. येऊ नये, असे मीच लिहून दिले आहे. जपात लक्ष लागेना.

१७ नोव्हेंबर

अंक आला, पेपरवाल्याने टाकला, चार लोकांना मिळतो तसाच. पहिल्या पानावर आमचा न्यास! खाणीचे सुरुंगाच्या दारूचे कोठार उभे आहे ती जमीन वसतिगृहासाठी दान आलेली. जतीनभाईंनी ती धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून परस्पर खाणमालकाला वापरायला दिली.

जतीनभाईंना फोन केला. खोटे आहे, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. एवढेच म्हणाले—

"काका, छापण्याआधी तुम्ही पाहायला हवं होतं!"