वाकळीचं पोट

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

माळावरची वस्ती, ता. अक्कलकोट
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५६

चि. सौ. जगदेवीस अप्पाचा आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. ज्वारीनं कणसं धरली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. वैरागला तुमच्याकडे थंडी पडली असेल. सांजेला उघड्यावर बसत जाऊ नकोस.

एक नवल सांगायचं आहे, हसू नकोस. मी वाकळ शिवायला शिकलो.

यंदा रानात बिरप्पा धनगराची मेंढरं खताला बसवली आहेत. त्याची बायको मायाक्का दुपारी बाभळीखाली जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसते. वस्तीवर दुसरं बोलायला कुणी नाही, म्हणून मीही तिथं बसू लागलो. एके दिवशी म्हटलं, मलाही शिकव.

बिरप्पा म्हणाला, "आता अप्पांनी लुगडं नेसायचं तेवढं ऱ्हायलं!"

"तू आदी सुईत दोरा ववून दाव, मग दात काड," मायाक्का म्हणाली. मलाही ती सोडत नाही. "अप्पा, सुई हाय ती, कुळव न्हवं. लई दाबू नगासा."

पन्नाशी आली, जन्मभर वाकळ पांघरली. पण ती कडेनं शिवत शिवत मध्यावर आणतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

आत घालायला मऊ जुनेर हवं म्हणून तुझी लहानपणची वाकळ काढली, तू तिच्या पोटात असताना अव्वानं शिवलेली. टाके उसवू लागलो. एकेक टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, सगळे सारखे. दिवसभर रानात राबणाऱ्या बाईच्या हातात हे कुठून आलं, या नवलानं सुई चालेना.

मध्यावर आलो तर आतल्या पांढऱ्या चिंधीवर पिवळट डाग, नेमका चतकोर भाकरीएवढा. मायाक्कानं पाहिला आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"वाकळ उपाशी ठिवत न्हाईत, अप्पा. पोटात चतकोर घालून मग टाके बुजवायचे. तिच्यात निजनारं मग उपाशी ऱ्हात न्हाई."

भाकरी धुण्यात कधीच विरून गेली होती. डाग तेवढा राहिला. त्याची एक कड वेडीवाकडी आहे, तिनं हातानं मोडली तशी. जगू, तुझ्या अव्वाच्या हातची भाकरी! रोज पूजेला इष्टलिंग घेतो त्या डाव्या तळहातावर मी ती चिंधी घेतली. मेंढरांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या.

अव्वा गेल्यापासून तू वस्तीवर आली नाहीस. का, ते मी विचारलं नाही. तिच्या चुलीकडे मलाही बघवत नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण मागं बाजारात तुझे मामंजी म्हणाले, "घरात बाईमाणूस नाही. रानात पोरीला कुणाच्या भरवशावर धाडू?" बोलणं खोटं नव्हतं.

आता उत्तर आहे. मायाक्का सुईण आहे. "मेंढरं घिऊन ह्यो जाईल म्होरं, म्या ऱ्हाते की हितं," असं तिनं आपणहून सांगितलं. पेज, हळिवाची खीर, शेक देणं, सगळं तिच्याकडून शिकतो आहे. खीर करपते अजून. तरी तुझं मन होत नसेल तर येऊ नकोस. तिथंही तुझी मायेची माणसं आहेत. मी रागावणार नाही.

पण वाकळ मला पुरी करता येत नाही. चतकोर घरच्या लेकीच्या हातचा लागतो म्हणे. माझी भाकरी मायाक्कानं मोडून पाहिली आणि "ही कुत्र्याला घाला" म्हणाली.

अव्वाची चिंधी मध्यावर बसवली आहे, डाग वरच्या अंगाला. भोवतीचे टाके झाले. पोट उघडं आहे. सिद्धरामेश्वराची गड्ड्याची जत्रा झाली की मी वैरागला येऊन मामंजींशी बोलतो. त्या वेळी तू नुसती मान हलवलीस तरी मला पुरे.

सुई वाकळीतच टोचून ठेवली आहे.

तुझा
अप्पा