प्लास्टर निघाल्यावर विचारा

प्रिय ताई,

तर तू फोनवर म्हणालीस, "धर्मबिर्म बदललास तर याद राख." आधी नीट ऐक तरी.

हात आता दुखत नाही, खरंच. डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कंपनीत पॅकिंगच्या कामात उजवं मनगट मोडल्यापासून मी घरीच आहे, बिनपगारी. आईला यातलं काही सांगू नकोस.

खालच्या मजल्यावरच्या मावशी रोज डबा आणतात, वेणी घालून देतात. वर्षभर जिन्यात भेटायच्या, तेव्हा कधी देवाचं नाव काढलं नाही. एक हात मोडला आणि त्यांना माझा आत्मा दिसायला लागला. परवा त्यांच्या पंथात यायचा फॉर्मच घेऊन आल्या. मी म्हटलं, सही कशी करू?

"अंगठा दे की गं."

ताई, आईने मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं ते अंगठा द्यायला का? मी सरळ सांगितलं, "मावशी, प्लास्टर निघाल्यावर विचारा. कामावर असेन, स्वतःच्या कमाईचं खात असेन, तेव्हा हो म्हटलं तर ते माझं. आत्ताचं हो भुकेचं असेल."

त्या फॉर्म उचलून निघून गेल्या. मला वाटलं, आता डबा बंद. पण आज सकाळी परत आल्या. फॉर्म नव्हता, नुसता डबा आणि कंगवा. वेणी अगदी आईसारखी घट्ट घालतात गं.

आईचे गुडघे कसे आहेत?

तुझी हट्टी,
धाकटी

ता.क. मावशींची ही माया समजू की नवी युक्ती? तुला काय वाटतं?