तेल पाजलेली भिंत

३ मार्च.
माझ्या खोलीच्या भिंतीला ओल. गुडघ्याएवढी. मुलगा म्हणतो, बाबा, या ओलीनंच तुमचा खोकला हटत नाही, वरच्या खोलीत चला. मी जाणार नाही. सतरा पायऱ्या. वर ठेवलेला म्हातारा लोकांना फक्त जेवणाच्या वेळी आठवतो. ठरवलं: महिनाअखेर भिंत कोरडी करून दाखवायची.

५ मार्च.
सूनबाई दगडांच्या प्रयोगशाळेत असते. खडकात मुरलेलं तेल बाहेर कसं काढायचं ते बघतात. शिकलेली माणसं, पण दिवसभर दगडावर थेंब टाकत बसतात! आज तिनं दगडाच्या दोन चकत्या दाखवल्या. एकीवर पाण्याचा थेंब टाकला. गट्टम. दुसरी तेलात मुरवलेली. तिच्यावर थेंब मोत्यासारखा बसून राहिला. म्हणाली, दगडाच्या बारीक छिद्रांना पाणी आवडतं की तेल, त्यावर सगळं. पाणी आवडलं तर ते आपसूक आत शिरतं नि तेलाला बाहेर ढकलतं. तेल आवडलं तर तेलच चिकटून बसतं.
लगेच समजलं. शिक्षण सातवी, पण डोकं आहे. आमची भिंतही दगडाचीच.

८ मार्च. दुपार, घरात कुणी नाही.
सुताराकडून जवसाचं तेल आणलं. कशाला, म्हणाला. म्हटलं, संशोधन. पंख्यानं भिंत सुकवली, दोन हात दिले. वास फार. औषध म्हटलं की वास यायचाच.

९ मार्च.
भिंतीवर पाणी शिंपडलं. मोती! सूनबाईला दाखवले. म्हणाली, अहो बाबा, पाणी खोलीतून भिंतीत जात नाहीये, जमिनीतून वर चढतंय. इतके दिवस निदान तुमच्या बाजूनं सुकत होतं. तुम्ही त्याचं दार लावलंत, आता ते दुसरं शोधेल.
सासऱ्याचं कौतुक करायला जड जातं, दुसरं काय.

१४ मार्च.
ओल तेलाच्या वर. कमरेएवढी. पाणी घाबरून पळतंय. आणखी तेल.

१९ मार्च.
खांद्याएवढी. स्टुलावर चढून तेल लावलं. खोकला वाढलाय, पण तो तेलाच्या वासाचा. ओलीचा नव्हे.

२४ मार्च. सकाळी.
भिंत कोरडी ठाक! जिंकलो. मुलाला हाक मारणार, तोच तो पलीकडच्या खोलीतून आला. हातात त्याचा लग्नातला कोट. पाठीवर बुरशी. त्यांचं कपाट याच भिंतीला, पलीकडून टेकलेलं. मागून सूनबाई म्हणाली, बाबा, दुसरं दार सापडलं त्याला.
गवंडी येऊन भिंत ठोकून गेला. दोन्हीकडचं प्लास्टर काढायचं, महिनाभर खालच्या खोल्या बंद. मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

२६ मार्च. वरची खोली.
तिघांचे बिछाने इथेच, मध्ये चादरीचा पडदा. पायऱ्या सतराच आहेत. मुलानं हात धरला होता, मी नको म्हटलं नाही. इथल्या खिडकीतून रस्ता पार वळणापर्यंत दिसतो. सुताराचं दुकानसुद्धा.
सूनबाईनं चहा देताना विचारलं, झोप लागली का? म्हटलं, छे, डोळ्याला डोळा नाही. पडद्यापलीकडून मुलगा म्हणाला, मग घोरत कोण होतं?
कालपासून एकदाही खोकलो नाही. हे त्यांना सांगायचं नाही.
गवंडी म्हणतो, घाई केली तर पंधरा दिवसांत खाली जाल. त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, घाई कशाला? भिंत नीट सुकू दे.